ह्याकुमान म्हणजे दहा लाख

"जपानीत लाखाला काय म्हणतात?" टेमगिरेंनी स्टोअरच्या खिडकीतून विचारलं.

मी त्यांच्यापुढे हातमोज्यांचा जोड ठेवला आणि म्हटलं, "त्यांच्याकडे लाख नसतोच."

"लाखच नाही?"

"दहा हजारांना मान म्हणतात. लाख म्हणजे दहा मान. जूमान."

"दहा माना," ते म्हणाले. "आणि कोटी?"

"हजार मान. इस्सेनमान."

टेमगिरेंनी मोजे खिशात कोंबले. कोटी झाला तरी ज्यांची मोजणी हजारातच अडकून राहते त्या लोकांनी एवढाले प्रेस कसे काय बनवले, असं काहीतरी पुटपुटत ते शॉपकडे, प्रेसच्या शेडकडे, गेले. मागे रांगेत उभे असलेले दोघे हसले. मीही हसले.

ही सत्त्याण्णव सालच्या डिसेंबरातली गोष्ट. चाकणच्या अलीकडे आमची कंपनी होती. नाव सांगत नाही, आता ती तिथे नाही. स्कूटरला लागणारे पत्र्याचे भाग आम्ही बनवत होतो आणि त्यासाठी अडीच वर्षांपूर्वी पत्रा कापणारे चार जपानी प्रेस आणले होते. मी चोवीस वर्षांची, राजगुरुनगरहून बी. कॉम. होऊन स्टोअरमध्ये क्लार्क म्हणून लागलेली. हातमोजे, बेअरिंग, नटबोल्ट, ग्रीस, सगळं माझ्या खिडकीतून जायचं. कोणती वस्तू कधी आली आणि कधी गेली याचं प्रत्येकीचं एक कार्ड असायचं आणि ती कार्डं माझ्या ताब्यात होती.

जपानी शिकायचं खूळ माझ्या डोक्यात त्या प्रेसबरोबर आलेल्या खोक्यांवरची अक्षरं पाहून शिरलं. दर रविवारी मी एस. टी. आणि मग सहा आसनी रिक्षा पकडून चिंचवडला लोहोकरे बाईंच्या शिकवणीला जायची. बाई नवऱ्याच्या बोटीवरच्या नोकरीमुळे अकरा वर्षं कोबे शहरात राहिल्या होत्या. साठी उलटली होती, पण आवाज खणखणीत. त्यांच्याकडे नमस्कार-चमत्कार नंतर, आधी आकडे. आपण हजारानंतर दोन-दोन शून्यांनी पुढे सरकतो आणि ते चार-चार शून्यांनी, एवढं डोक्यात पक्कं बसेपर्यंत बाईंनी मला दुसरं काही शिकवलं नाही. त्या वहीत न बघता एखादा आकडा जपानीत फेकायच्या आणि आपण तो मराठीत झेलायचा. चुकलं की उभं राहायचं. पहिले दोन महिने मी शिकवणीत जवळजवळ उभीच होते.

त्यानंतर माझं वाक्य हमखास चुकायचं, पण आकडा चुकला नाही.

टेमगिरेंना या सगळ्याची मोठी गंमत वाटे. भागुजी टेमगिरे, कडूसचे, वय चाळिशीच्या आसपास, तीन नंबरच्या प्रेसवरचे ऑपरेटर. रोज सकाळी मोजे घ्यायला आले की एक आकडा विचारायचे आणि तो घोकत कामाला जायचे. दहापर्यंत त्यांना अस्खलित येत होतं. बोटं मोडत म्हणून दाखवायचे, इचि, नि, सान.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी, तेरा जानेवारीला, त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं प्रेसमध्ये गेली.

दुपारची जेवणाची सुट्टी नुकतीच संपली होती. दोन्ही हातांनी दोन बटणं दाबली की प्रेस खाली येतो, पत्रा कापतो आणि वर जाऊन थांबतो. थांबला की हात घालून कापलेला तुकडा काढायचा. त्या दिवशी तो वर गेला, पण थांबला नाही. बटणाला हात न लागता पुन्हा खाली आला. शॉपमध्ये याला डबल मारणं म्हणतात. मी आरडाओरडा ऐकून धावले तेव्हा टेमगिरेंना दोघांनी धरून उभं केलं होतं आणि ते कोणीतरी गुंडाळलेल्या पांढऱ्या फडक्याकडे, आपल्या हाताकडे नव्हे, बघत होते. ते फडकं त्यांना माझ्याच स्टोअरमधून मिळालं होतं.

दुसऱ्या दिवशी मेंटेनन्सचा फोरमन माझ्या खिडकीशी आला आणि त्याने तीन नंबरच्या प्रेससाठी ब्रेकची लायनिंग मागितली. प्रेस वर थांबतो तो या ब्रेकमुळे. चारही प्रेसच्या लायनिंगचे सुटे संच जपानहूनच आले होते, एका लाकडी पेटीत. मी पेटीच्या पट्ट्या कात्रीने कापल्या. कार्डावर तारीख लिहिली, चौदा जानेवारी, आणि एक नग दिला असं नोंदवलं. त्या कार्डावर माल दिल्याची ती पहिलीच नोंद होती.

फोरमन गेल्यावर मी कपाटातून प्रेसचं जपानी पुस्तक काढलं. पान शोधावं लागलं नाही.

टेमगिरे हॉस्पिटलातून घरी गेले. इकडे शॉपमध्ये कुजबुज सुरू झाली की प्रेससमोरची जाळी, गार्ड, बाजूला सरकवून त्यांनीच घाईत हात घातला. हे कोणी पाहिलं होतं, ते कोणालाच सांगता येत नव्हतं. कारखाना निरीक्षकांनी तीन नंबरचा प्रेस बंद ठेवायला सांगितला होता आणि प्रेस बनवणाऱ्यांचा अहवाल मागवला होता. तसा फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात जपानहून एक इंजिनिअर आला. त्याचं नाव हिराता. पन्नाशीचा, बुटका, खिशाला चार पेन्सिली. सोमवारी सकाळी वर्क्स मॅनेजर सबनीस साहेबांनी मला बोलावून घेतलं आणि पाहुण्याला गुच्छ देऊन जपानीत दोन शब्द बोलायला सांगितलं. आपल्याकडची मुलगी जपानी शिकते हे बघून बरं वाटेल, म्हणाले. पुढचं सगळं देवस्थळी बघणार होते.

देवस्थळी आमचे दुभाषी. एक वर्ष जपानला राहून आले होते, टाय लावायचे. प्रेस आले तेव्हा जपानी पुस्तकातून त्यांनीच देखभालीच्या पाट्या मराठीत केल्या होत्या. त्या प्लास्टिकमध्ये बसवून प्रत्येक प्रेसला टांगल्या होत्या. तेल कधी, ग्रीस कधी, फिल्टर कधी. शेवटची ओळ होती : ब्रेक लायनिंग एक कोटी स्ट्रोकनंतर बदलणे. प्रेस एकदा खाली येऊन वर गेला की एक स्ट्रोक.

मी गुच्छ दिला, दोन शब्द बोलले आणि कोणी जा म्हटलं नाही म्हणून घोळक्याच्या मागे राहिले. हिरातांनी तीन नंबरचा ब्रेक उघडायला लावला, टॉर्च मारून आत पाहिलं. लायनिंग नवीकोरी दिसत होती. मग ते काउंटरशी वाकले. प्रत्येक स्ट्रोकला एक आकडा पुढे सरकवणारी ती छोटी काचेची खिडकी, त्यात सहाच घरं. आकडा होता ३१४६०२. हिरातांनी तो लिहून घेतला आणि देवस्थळींना एक प्रश्न विचारला. बाकीचे शब्द माझ्या डोक्यावरून गेले, पण त्यातला एक मला घंटेसारखा ऐकू आला. ह्याकुमान. लायनिंग दर ह्याकुमान स्ट्रोकनंतर बदलता ना, असं ते विचारत होते.

ह्याकु म्हणजे शंभर. शंभर मान. शंभर वेळा दहा हजार. दहा लाख.

देवस्थळींचे कान लाल झालेले मी मागून पाहिले. त्यांनी सबनीस साहेबांना मराठीत सांगितलं, लायनिंग वेळापत्रकाप्रमाणे बदलता का असं विचारतायत. साहेब म्हणाले, अर्थात. देवस्थळींनी ते जपानीत सांगितलं. हिरातांनी मान हलवली आणि वहीत खूण केली. लायनिंग चांगली, काउंटर तीन लाखांवर, नियमाप्रमाणे सगळं ठीक. म्हणजे मशिनचा दोष नाही. उरला तो माणूस.

संध्याकाळी मी कडूसला गेले. टेमगिरेंच्या घरी त्याआधी मी कधी गेले नव्हते. ते ओट्यावर बसून डाव्या हाताने मुलीच्या पाटीवर काहीतरी गिरवत होते. मला पाहून त्यांनी पाटी पालथी केली नाही. त्यांचं स्वतःचं नाव होतं, पाचसहा वेळा, वाकडंतिकडं. मी विचारलं तेव्हा त्यांनी सांगितलं की देवस्थळी साहेब दोनदा कागद घेऊन येऊन गेले. गार्ड सरकवून मी हात घातला, चूक माझी, असं त्यावर लिहिलेलं. सही केली तर गेटवर बसायचं हलकं काम देतील, नाही केली तर निष्काळजीपणाबद्दल काढून टाकतील. उजव्या हाताने सही जमत नाही म्हटल्यावर साहेबांनी शाईचं पॅड पुढे केलं.

"मी सातवी शिकलोय," टेमगिरे म्हणाले. "अंगठा देणार नाही. म्हटलं, डाव्या हाताची सही शिकतो, मग बघू."

"मग सही करणार?"

"शिकायला किती दिवस लावायचे ते माझ्या हातात आहे ना, ताई."

त्यांच्या बायकोने चहा आणला. कप ओट्यावर ठेवून ती आत गेली. मी काउंटरचं विचारलं. तीन लाखांचा आकडा कसा, अडीच वर्षांत एवढंच काम झालं का? टेमगिरे माझ्याकडे बघतच राहिले. काउंटर दोनदा फिरला की, ते म्हणाले. सहाच घरं आहेत त्याला. नऊच नऊ आले की पुढे पुन्हा शून्य. पहिल्यांदा फिरला तेव्हा साहेबांनी प्रेसला हार घातला होता, शॉपमध्ये पेढे वाटले होते, विसरलात काय? मी विसरले नव्हते. तीन नंबरने दहा लाख पूर्ण केले म्हणून एक पेढा माझ्या खिडकीतही आला होता आणि मी तो खाल्ला होता.

तीन लाखांवर आणखी वीस लाख. तेवीस लाख चौदा हजार सहाशे दोन स्ट्रोक त्या ब्रेकने एकाच लायनिंगवर झेलले होते.

निघताना टेमगिरे फाटकापर्यंत आले. पट्टी बांधलेला हात त्यांनी वर धरला होता, खाली सोडला की ठणकायचा म्हणे. "तुमचं जपानी आता मला हाचिपर्यंतच," ते म्हणाले. हाचि म्हणजे आठ. ते हसले नाहीत, मीही नाही.

मंगळवारी मी आधी देवस्थळींकडे गेले. पुस्तकातलं पान उघडून त्यांच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी ते पाहिलं नाही, दरवाजा लोटून घेतला. मानला लाख समजून त्यांनी शंभर लाख केले होते आणि शंभर लाखांचा एक कोटी. कोणाही मराठी माणसाची होईल अशी चूक होती आणि त्यांनी ती तिथल्या तिथे कबूल केली असती तर मला त्यांचा राग आला नसता. पण ते म्हणाले, की पाहुणा परवा जाणार आहे, पाट्या नंतर सावकाश बदलू, आणि मी माझ्या खिडकीत बसावं.

मग मी सबनीस साहेबांकडे गेले. त्यांनी ऐकून घेतलं, समोरच्या कागदावर शून्यं मांडून स्वतःची खात्री करून घेतली. मग कागदाची घडी करून खिशात ठेवली. कोर्टकचेरी झाली तर कंपनीचं काय होईल, चारशे माणसं आहेत, हे त्यांनी मला शांतपणे समजावलं. टेमगिरेचं आपण बघू, त्याला वाऱ्यावर सोडणार नाही. मी स्टोअर बघावं.

बुधवारी साडेअकराला मीटिंग होती. टेमगिरेंना गाडी पाठवून आणलं होतं, कारण हिरातांच्या समोर त्यांनी कागदावर सही केली की अहवाल तिथेच पुरा होणार होता. मला कोणी बोलावलं नव्हतं. मी स्टोअरला कुलूप लावलं, लायनिंगचं कार्ड घेतलं आणि गेले. दारातल्या शिपायाला वाटलं, पुन्हा गुच्छ असेल.

टेबलाच्या एका बाजूला हिराता, दुसऱ्या बाजूला सबनीस साहेब आणि देवस्थळी. टेमगिरे टोकाच्या खुर्चीवर, हात वर धरून. त्यांच्यापुढे तो कागद आणि शाईचं पॅड. देवस्थळी जपानीत सांगत होते, आणि मला त्यातलं अर्धंमुर्धं कळत होतं : या कामगाराने चूक मान्य केली आहे.

"चिगाइमासु," मी म्हणाले.

म्हणजे, तसं नाही. लोहोकरे बाई आमचं उत्तर चुकलं की हाच शब्द म्हणायच्या. मी तो कधी कोणाला म्हटला नव्हता.

सगळ्यांनी वळून पाहिलं. सबनीस साहेब मराठीत म्हणाले की घारे, बाहेर जा. मी खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिले आणि मला येत होतं तेवढं जपानी बोलले. ते बोलणं कसं होतं ते मला नंतर बाईंनी सांगितलं. क्रियापदं लहान मुलासारखी, अदब जवळजवळ शून्य. पण मी काउंटर दोनदा फिरला हे सांगितलं, निकाइ मावारिमाशिता. तीन लाख नाही. निह्याकु सान्जूइचि मान, योन्सेन रोप्प्याकु नि. दोनशे एकतीस मान, चार हजार सहाशे दोन. मग मी कार्ड टेबलावर ठेवलं आणि चौदा जानेवारीच्या नोंदीवर बोट ठेवलं. लायनिंग त्याआधी एकदाही बदलली नव्हती.

हिरातांनी आकडा पुन्हा विचारला. मी पुन्हा सांगितला. त्यांनी पेन्सिल माझ्या हातात दिली. मी लिहिला, आपल्या सवयीने, २३ मग स्वल्पविराम, १४ मग स्वल्पविराम, ६०२. तो स्वल्पविराम त्यांना खटकला असावा. त्यांनी पेन्सिलीच्या टोकाने उजवीकडून चार घरं मोजली आणि तिथे एक रेघ मारली. मग उठून ते खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. परत आले तेव्हा त्यांनी देवस्थळींकडे नाही, माझ्याकडे बघून विचारलं, की पाटीवर काय लिहिलं आहे.

"इस्सेनमान," मी म्हणाले. एक कोटी.

देवस्थळी बोलू लागले, भरभर, गुळगुळीत जपानीत. मला ते काहीच कळलं नाही. हिरातांनी हात वर करून त्यांना थांबवलं आणि पुन्हा मला विचारलं. छोटं वाक्य होतं, मला कळावं म्हणून अगदी सावकाश म्हटलेलं. इत्सु कारा. केव्हापासून. तुम्हाला हे केव्हापासून ठाऊक आहे?

मी सोमवारपासून म्हणू शकले असते. सोमवारी त्यांच्याच तोंडून ह्याकुमान ऐकलं आणि कळलं, असं. सगळ्यांनी मानलं असतं. त्या खोलीत खरं काय ते मला आणि देवस्थळींना, दोघांनाच ठाऊक होतं, आणि देवस्थळी ते कधी बोलणार नव्हते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. दोन दिवसांत पहिल्यांदाच त्यांच्या नजरेत विनंती होती.

"क्योनेन नो रोकुगात्सु कारा," मी म्हणाले.

हिरातांनी ते लिहून घेतलं. आणि टोकाच्या खुर्चीवरून टेमगिरे म्हणाले, "काय विचारलं त्यांनी, ताई?"

जपानी येणारे तीन जण त्या खोलीत होते, आणि ज्याची बोटं गेली त्याला त्यातला एक शब्द कळला नव्हता. मी त्यांच्याकडे वळले.

"त्यांनी विचारलं, मला हे केव्हापासून ठाऊक आहे. मी सांगितलं, गेल्या जूनपासून."

जूनमध्ये बाईंनी मला मान शिकवला होता. आजूबाजूचे मोठे आकडे शोधून लिहून आणा, असा अभ्यास दिला होता. मी कपाटातलं प्रेसचं पुस्तक काढलं, त्यात शंभर मान सापडले, आनंदाने वहीत दहा लाख लिहिलं, आणि मग शॉपमधून जाताना पाटीवर नजर गेली. त्याच दिवशी कँटीनमध्ये मी देवस्थळींना विचारलं. ते मोठ्याने हसले. दोन महिन्यांच्या शिकवणीवर घारे मॅडम मला जपानी शिकवायला निघाल्या, असं त्यांनी शेजारच्या टेबलाला सांगितलं. तेही हसले. मला इतकं लाजिरवाणं वाटलं की मी वहीतलं ते पान खोडून टाकलं. माझंच चुकलं असेल, मशिनच्या भाषेत काही वेगळं असेल, अशी मी समजूत घातली. पुन्हा विचारलं नाही. जून ते जानेवारी रोज सकाळी टेमगिरेंना हातमोजे दिले आणि एकेक आकडा शिकवला.

हे सगळं मी तिथे सांगितलं नाही. फक्त एवढंच म्हणाले, की जूनमध्ये देवस्थळी साहेबांना विचारलं होतं, ते हसले आणि मी गप्प बसले.

टेमगिरेंनी डाव्या हाताने तो कागद ओढला, शाईचं पॅड बाजूला सारलं आणि कागद उलटा करून कोऱ्या बाजूने माझ्यापुढे सरकवला.

"दहा लाख," ते म्हणाले. "आकड्यात लिहून द्या. मोठा लिहा."

मी लिहिला. त्यांनी तो घडी न करता शर्टाच्या आत घातला आणि कोणाची परवानगी न घेता बाहेर गेले.

संध्याकाळी पाचला मला कामावरून कमी केल्याचं पत्र मिळालं. परवानगीशिवाय मीटिंगमध्ये शिरणं, कंपनीची कागदपत्रं बाहेरच्या व्यक्तीला दाखवणं. गडबडीत स्टोअरच्या किल्ल्या मागायचं कोणाच्या लक्षात आलं नाही आणि माझ्याही नाही.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास आमच्या दारात कंपनीची जीप आली. ड्रायव्हरने वाटेत सांगितलं ते असं. सकाळी पहिल्या पाळीला टेमगिरे शॉपमध्ये आले. त्यांना गेटवर कोणी अडवलं नाही. त्यांनी एक, दोन आणि चार नंबरच्या पाट्यांवर डाव्या हाताने दहा लाख लिहिलेला एकेक कागद चिकटवला, त्या आकड्यात एकही शून्य चुकलं नव्हतं. मग प्रत्येक ऑपरेटरला काउंटर किती वेळा फिरलाय ते विचारलं. तिन्ही प्रेसचे ऑपरेटर बटणांपासून हात काढून स्टुलावर बसले. सुपरवायझरने दम दिला, एक कागद फाडला. त्या जागी दुसरा लागला. दहा वाजेपर्यंत अख्खं शॉप बसलं होतं. कोणी घोषणा दिली नाही, काही नाही. लायनिंग बदला, मग बटण दाबतो, एवढंच.

आणि लायनिंगची पेटी माझ्या कुलपात होती.

मी स्टोअर उघडलं. उरलेले तीन संच काढले, फोरमनची सही घेतली, कार्डावर तीन नग लिहून तारीख टाकली. शॉपच्या दारातून मला टेमगिरे दिसले. चार नंबरपाशी फोरमनच्या माणसांच्या डोक्यावर उभे होते, हात वर धरून, ब्रेक उघडताना बघत. त्यांनीही मला पाहिलं. मान हलवली की नाही, मला खरंच सांगता येत नाही. पुढेही आम्ही कधी जूनबद्दल बोललो नाही. त्यांना भरपाई मिळाली आणि तपासनिसाचं कामही, त्यासाठी युनियनला वर्षभर भांडावं लागलं.

किल्ल्या द्यायला मी सबनीस साहेबांकडे गेले. त्यांनी बसायला सांगितलं. हिराता सकाळच्या विमानाने गेले होते आणि अहवालाची एक प्रत ठेवून गेले होते. ती साहेबांच्या पुढ्यात होती. आकड्याची चूक मान्य करता येईल, साहेब म्हणाले, चूक कोणाचीही होते. पण अहवालात एक ओळ होती, की कंपनीच्या कर्मचाऱ्याने ही चूक जूनमध्येच लक्षात आणून दिली होती. ती ओळ राहिली तर कंपनीला ठाऊक असूनही पाटी बदलली नाही असा अर्थ होतो. साहेबांनी पत्र तयार ठेवलं होतं. माझं जपानी कच्चं आहे, मला जानेवारी म्हणायचं होतं आणि मी चुकून जून म्हणाले, असं त्यात लिहिलं होतं. सही केली की कालचं पत्र रद्द, आणि पगारवाढीचंही बघता येईल.

"जूनचा तुम्हालाही त्रासच होणार आहे, घारे," ते म्हणाले. "सात महिने तुम्ही गप्प होतात, हे त्यातच येतं."

"येतं," मी म्हणाले.

"मग? जपानी कच्चं आहे, यात खोटं काय आहे?"

"कच्चं आहे, साहेब. बाहेर रिक्षा बोलावायला सांगितली तर मला नीट सांगता येणार नाही." मी ते पत्र त्यांच्याकडे परत सरकवलं. "पण जपानीत महिन्यांना नावं नसतात. नुसते आकडे असतात. जानेवारी म्हणजे पहिला महिना, इचिगात्सु. जून म्हणजे सहावा, रोकुगात्सु. मी सहा म्हणाले. एक आणि सहा यांत माझी चूक होत नाही."

किल्ल्यांचा जुडगा मी अहवालावर ठेवला, त्याची पोच लिहून मागितली, आणि साहेबांनी ती लिहून देईपर्यंत तिथेच उभी राहिले.